मर

उरुळीच्या पुढं, रिंगरोडचा नवा भराव.
यादी देशीच आहे : करंज, बहावा, कडुनिंब.
बोगनवेल मीच भांडून खोडली होती.
दर तीन मीटरला खड्डा.

ठकूबाई कोकरे मेंढरं थांबवून म्हणाली,
"हितं झाड कधी नव्हतंच, सायेब.
कुसळी हुती, पवन्या हुता.
झाड आलं की वर शिक्रा बसणार,
मग भुईवर अंडी घालणाऱ्यानं जावं कुठं?"

मी हसलो. टँकर मागवला.

मार्चात, रोलर बंद पडला त्या दुपारी,
एक चंडोल सरळ वर गेला
दिव्याच्या खांबांच्याही वर, गात,
आणि उतरला
मुरमातल्या दोन खड्ड्यांच्या मधे.

रोपं आता खालच्या ओढ्याकाठी आहेत,
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
महिन्याच्या तक्त्यात
जगली किती, मर किती.
या दोनशे मीटरपुढं मी लिहितो : मर.
शेरा : जमीन अयोग्य.

परवा तपासनीसानं गाडीची काच खाली केली.
"इथं काहीच नाही?"
गवत त्याच्या आरशापर्यंत आलं होतं.
"नाही साहेब," म्हटलं,
"काहीच नाही."