जोडउचल

आदल्या संध्याकाळी खाटेवर पाय सोडून बसलेले
गफूर पांगारकर. माझगाव गोदीत तीस वर्षं क्रेनवर.
मेंदूतल्या नसेवर वाटाण्याएवढा फुगा.
विचारतात, "झोपवायला औषधं किती?"
मी म्हणते, चार. कधी पाच.
"एकच मोठं का नाही?"

उत्तर येतं मला, पाठ केलेलं.
तेवढ्यात तेच सांगू लागतात:
"एका क्रेनला सांगाडा पेलत नाही
तेव्हा दोन लावतो. जोडउचल.
कागदावर अर्धं-अर्धं असतं, बाई.
वर गेल्यावर एक जरा पुढे सरकली
की दुसरीच्या गळ्यात सगळं."

सकाळी पावणेआठ. परळ.
मनगटाच्या धमनीतून पडद्यावर लाल लाट:
एकशे अठ्ठेचाळीस. माणूस घाबरलेला आहे,
तोंडाने मात्र म्हणतो, थंडी फार आहे हो इथे.

आधी फेंटानिल. मग थांबायचं.
थांबणं हाही डोसच, शिरीन मॅडम म्हणायच्या.
चार मिनिटं. सर्जन घड्याळाकडे बघतात.
मी लाटेकडे.
मग प्रोपोफोल, दुधासारखं पांढरं,
एकटं असतं तर लागलं असतं त्याहून बरंच कमी.
इथे एक आणि एक दोन होत नाहीत.

मी केले होते एकदा दोन.
शिकाऊ होते, रात्रीचे तीन,
दोन्ही सिरिंज पूर्ण, एकामागून एक, घाईत.
सत्तर. साठ. मग मशीनला आकडाच सापडेना.
ती बाई वाचली. तिला काही ठाऊकही नाही.
तिचं आडनाव मला अजून पाठ आहे.

लिग्नोकेन. नव्वद सेकंद.
लॅरिंगोस्कोपचं थंड पातं जिभेखाली सरकतं.
माणूस झोपलेला,
पण घशाच्या मुळाशी एक रखवालदार बसलेला असतो,
त्याला कुणी काही कळवलेलं नसतं.
तो ओरडला तर फुगा फुटेल.
एकशे दहा. एकशे सतरा. एकशे तेवीस.
नळी आत.
एकशे एकवीस.

कवटीला तीन खिळे, त्याआधी पुन्हा थोडं.
आणि मग काहीच नाही.
सर्जन हात धुतायत, कुणी कुणाला दुखवत नाही,
आणि लाट उतरू लागते: शंभर, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी.
ओझं सुटलं, दोन्ही दोर ताणलेलेच.
वेदना हीसुद्धा एक बाजू धरून होती,
हे दर वेळी नव्याने कळतं मला.
गॅस कमी. फिनाईलएफ्रिन, थेंबभर.
शंभर. हं.

दुपारी दीडला डोळे उघडले. आवाज घोगरा.
"कुठली सरकली पुढे?"
बोलू नका, मी म्हणते, मोठा श्वास घ्या.

तक्त्यावर दर पाच मिनिटांना दोन खुणा,
जवळजवळ सरळ रेषेत.
फाईलमध्ये सगळ्यात मागे लावतात तो.
इतकी सपाट रेघ कोण वाचतं.