तीन चाळीस

रोज पहाटे तीन चाळीसला
बोटीच्या तिकिटांचा सर्व्हर बंद पडायचा
आणि अकरा सेकंदांनी उठून बसायचा,
जणू काही झालंच नाही.

आलेखात तिथे एक खाच दिसे.
मी नवीन होते, विचारलं.
हेल्वे वर न बघता म्हणाली,
"ती उर्मासची खाच. तिच्यावर अलर्ट लावू नकोस,
उगाच झोपमोड."

फाइल उघडली, तर एकच ओळ,
आणि ओळीच्या डोक्यावर सात वर्षांपूर्वीची टीप:
काढू नका. का, ते उर्मासला विचारा.

उर्मास तेव्हा कॅर्डलाच्या दफनभूमीत होता,
पाइनच्या मुळांत.

मग कोण हात लावतो?
चालतंय ना, चालू दे.
आमच्या धंद्यात यालाच स्थैर्य म्हणतात.
मीही म्हणू लागले.

फेब्रुवारीत सामुद्रधुनी गोठली,
दोन दिवस बोटी धक्क्याला खिळल्या,
आणि तिसऱ्या सकाळी एंडेलचा फोन आला.
वय एक्याऐंशी. जन्मभर मासेमारी.
"पहाटे तिकीट काढलं. पैसे गेले, तिकीट नाही."
किती वाजता?
"चाळिसाला. तीन चाळीस.
आमची झोप तीनला संपते, पोरी,
जाळी विकली तरी.
तुमच्याकडे त्या वेळी कोण झोपतं?"

अठरा युरो परत केले.
प्रश्न परत करता येईना.

तीन रात्री लॉग वाचले.
एक एक ओळ, तांदळातले खडे निवडावेत तशी.
बाहेर बर्फफोड्या जहाजाचा आवाज,
आत मेमरीची रेघ
हळूहळू वर चढणारी,
होडीच्या तळाशी पाणी चढावं तशी.

सापडलं तेव्हा हसू आलं.
रद्द झालेली प्रत्येक फेरी
तो मनात धरून बसायचा.
सुटलेल्या बोटी विसरायचा चटकन;
न सुटलेल्या मात्र
एकही सोडायचा नाही.

म्हणजे उर्मासला गळती माहीत होती.
भोक सापडलं नव्हतं,
म्हणून तो रोज पाणी उपसत होता.

रविवारी त्याच्या बायकोकडे गेले.
लैडाने राईचा पाव कापला,
वर मिठातला मासा ठेवला,
आणि मी वेळ सांगितली तशी
सुरी हातातच राहिली तिच्या.

"आधी तो स्वतः उठायचा," ती म्हणाली.
"दोन वर्षं. गजर लावून, लोकरी मोजे घालून,
त्या खिडकीपाशी.
पहिली बोट पाचला, त्याआधी सगळं ताजं हवं म्हणायचा.
मग कधीतरी म्हणाला, आता मशीन करेल.
तरी उठायचाच.
चहा करायचा दोघांचा,
माझा थंड व्हायचा."

मी खिडकीकडे पाहिलं.
काचेवर काही नव्हतं.

बुधवारी दुरुस्ती चढवली.
मग ती ओळ खोडली,
टीपही.
बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
लिहिलं: उर्मासला विचारलं.

हेल्वेने मंजुरी दिली, एक शब्द न बोलता;
आणि हेल्वे टायपोवरही
तीन परिच्छेद लिहिते.

त्या रात्री माझी पाळी नव्हती.
तरी जागी होते, पायात मोजे,
मांडीवर लॅपटॉप, शेजारी पाणी.
तीन एकोणचाळीस.
चाळीस.
रेघ सरळ गेली,
खाच होती तिथून, न अडखळता.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत;
काहीच झालं नाही याच्या टाळ्या
कुठे कधी वाजल्यात?

तीन एक्केचाळीसला
एक तिकीट निघालं.
हेल्टरमा ते रोहुक्युला, एक प्रवासी,
नाव एंडेल.
सोबत परतीचंही.