काट्याची खोली

धरणगावच्या जिनिंगमध्ये
काट्याची खोली सहा बाय आठ.
मी वजन सांगायचो, हिलाल लिहायचा.
एकवीस हंगाम.

आवारभर पाट्या: विडी-काडी बंद.
बरोबरच आहे.
एक ठिणगी, आणि अख्खी गंजी राख.
म्हणून मी बाहेर कधी ओढली नाही.
आत ओढायचो,
दार लावून, खिडकीची फट पोत्याने बुजवून,
थोटूक पाण्याच्या डबड्यात.
मालक म्हणायचे, माणूस जबाबदार आहे.

कापसाला मी जपलं.

हिलालची तक्रार नसायची.
फक्त पावतीबुक हलवायचा तोंडासमोर,
माशी हाकलावी तसं.
दिवाळीनंतर ट्रॅक्टरांची रांग पार फाटकापर्यंत,
तेव्हा दिवसाला दोन बंडलं.
माझी एकट्याची, असं मला वाटायचं.

मग त्याला तहान लागू लागली.
माठ त्याच्याकडे सरकवला आम्ही,
हसलोही.
जळगावहून कागद आला:
उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याण्णव.
"माले साखर कसी काय व्हयनी, भाऊ?
च्या बी मी अर्धाच पेस."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विडी, सिगारेट?
कधीच नाही, म्हणाला.
आसपास कोणी ओढतं?
हिलालने पंख्याकडे पाहिलं,
उंची-वजनाच्या तक्त्याकडे पाहिलं,
मी सोडून सगळीकडे.

बाई सांगत होत्या:
धुरानेच झालं असं छातीठोक कोणी म्हणणार नाही,
वय असतं, घराणं असतं, बैठं काम असतं.
पण धूर गेला की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं,
ओढणाऱ्याचं,
आणि शेजारी बसणाऱ्याचंही. धोका वाढतो.
"किती?" मी विचारलं.
सवय. मला आकडा लागतो.

किलोचा फरक मी नजरेने ओळखतो,
पोत्याचं वजन वजा करतो,
ओलाव्याची घट धरतो.
हा एकवीस वर्षांचा धूर
कोणत्या पावतीवर चढवू,
नाव कोणाचं लिहू?

आखाजीला कोकिळावहिनींनी मांडे केले.
हिलालने तुकडा मोडला,
रसाच्या वाटीपर्यंत नेला,
आणि नातवाच्या ताटात ठेवला.
माझा हात खिशात गेला होता, तो तसाच राहिला.

खिडकीतलं पोतं आता काढलंय.
वारा आला की काटा थरथरतो.
हिलाल पेन धरून थांबतो,
स्थिर झाल्यावरच लिहितो.
आज तीन झाल्या,
फाटकाच्या पलीकडे, एकटाच उभा राहून.
उद्याचं सांगत नाही.

माझाही कागद
जळगावहून यायचा आहे.