फिनेल

कँटीनमध्ये जिथे रोज पोह्यांचं पातेलं असतं
तिथे मी नळ्यांचा स्टँड मांडला.
भोसरी एमआयडीसी, सप्टेंबरातली दुपार.
शेजारच्या शेडमध्ये फोर्जिंगचा हातोडा पडत होता
आणि दर घावाला नळ्या किणकिणत होत्या.
"मूठ आवळा," म्हणायचे मी.
लोखंड उचलणारी मूठ आवळली की शीर आपणहून वर यायची,
शोधत बसावं लागायचं ते वरच्या मजल्यावरच्यांना.

प्रश्नावलीत नऊ प्रश्न.
ताप आला होता का? नाही.
खोकला? नाही.
नाही, नाही, रांगभर नाही.
ताप म्हटलं की चौदा दिवस घरी,
आणि चौदा दिवसांचा रोज कोण देणार,
हा प्रश्न त्या नऊंत नव्हता.
बिपिन नाही म्हणाला, मैनुद्दीन नाही म्हणाला.
जनार्दन भालेकर पर्मनंट,
तो तेवढा म्हणाला, "हो, जूनमध्ये, तीन दिवस."

रक्ताला ही भीती नसते.
ते तळाशी बसतं, वर पिवळसर पाणी उरतं,
आणि काय काय झालं ते पाणी कबूल करतं.

नळी क्रमांक एकशे बेचाळीस. कौसल्या आरडे.
हाउसकीपिंग, ठेकेदाराकडून.
दाराच्या कड्या, जिन्याचा कठडा, अंगठ्याचं मशीन,
जिथे सगळ्यांचा हात लागतो तिथे हिचं फडकं.
"मला काही झालेलं नाही ताई," म्हणाली.
"जूनमध्ये जरा अंग ठणकलं, तेवढंच.
आणि तो मेला ठेकेदार फिनेलमध्ये पाणी घालायला लागलेला.
वासच येईना. बादलीत नाक घातलं तरी येईना.
भांडले मी. गेटवर, सगळ्यांदेखत.
मग आपली दुप्पट ओतायला लागले."

मी सुई काढली, कापूस दाबला.
अहवालाआधी बोलायचं नसतं.

अहवाल आले.
काचेच्या केबिनींत शंभरात अकरा.
शॉप फ्लोअरवर एकेचाळीस.
झाडलोट, कँटीन आणि गेट मिळून त्रेसष्ट.
"म्हणजे बरंच झालं की," एचआरचे साहेब म्हणाले,
"खालच्यांची प्रतिकारशक्ती तयार झाली."
आणि चहा मागवला.
चहा घेऊन आला तो त्रेसष्टांतलाच.

"पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता आहे?" कौसल्याबाईंनी विचारलं.
नाही. होऊन गेलं. आता नुसती खूण आहे.
"मग फिनेल चांगलं होतं?"
चांगलंच असणार.
त्या हसल्या, मास्क आत-बाहेर झाला.
"उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने."
मग मास्क हलायचा थांबला.
"जून," म्हणाल्या. "दहा-बारा तारीख असेल."
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला.
"आमचे सासरे वीसला गेले.
दम लागला, एका रात्रीत गेले. वय झालेलं, म्हणाले सगळे.
पण ते उंबऱ्याबाहेर पडत नव्हते हो ताई.
दिघीची एवढीशी खोली,
ये-जा करणारी मी एकटी."

मी म्हटलं, रक्त तारीख सांगत नाही.
कुणाकडून आलं सांगत नाही,
कुणाकडे गेलं तेही सांगत नाही.
हे खरं आहे. किटच्या खोक्यातल्या कागदावर
बारीक अक्षरांत असंच काहीसं छापलेलं असतं.
ते ऐकून कुणाला बरं वाटल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली,
आणि बादली पुढे ओढली.
मी बसले होते तेच टेबल त्यांना पुसायचं होतं.
मी उठले.
त्यांनी फिनेल ओतलं, एकच झाकण, मोजून.
कँटीनभर उग्र वास भरला.
मास्क हनुवटीखाली घेऊन त्या वाकल्या
आणि बराच वेळ तशाच,
बादलीवर तोंड धरून, श्वास घेत राहिल्या.