सिंकच्या पोटातला दगड

फैजपुरात, फिरकेबाईंच्या नव्या स्वयंपाकघरात
टेप धरून उभा आहे.
एक भिंत साडेनऊ फूट, दुसरी सहा.
कोपरा काटकोनात नाही. कधीच नसतो.
गवंडी म्हणतो, भिंत गुण्यात आहे.
मी गुण्या लावून दाखवतो,
तो बिडी पेटवायला बाहेर जातो.

बाई म्हणतात, अखंड बसव, तडवी. जोड नको मले.
मी गल्ली दाखवतो. जिना दाखवतो. जिन्याचं वळण.
अखंड दगड इथवर येतो तो फक्त बोलण्यात.

मग जे सांगायचं ते सांगतो.
सरळ जोड स्वस्त: एक पाट दुसऱ्याला जाऊन भिडतो,
रेघ एकच, पण पुढून दिसते.
तिरका, पंचेचाळीसचा, दिसायला देखणा;
धार मात्र पातळ राहते, तांब्या पडला की टवका,
आणि वाया गेलेला दगड तुमच्या बिलात.
कडेला दुहेरी पट्टी चिकटवली
तर अठरा मिलिमीटरचा ग्रॅनाइट
सावकारासारखा जाड दिसतो.
खालून थेंबाची झिरी मी अशीच मारून देतो, पैसे नाही घेत;
नाहीतर पाणी पोटाखालून चालत जातं
आणि पिठाच्या डब्यात उतरतं.

जोड गॅसखाली नको, सिंकपाशी नको.
म्हणून विचारतो, बाई,
ठेचा कुठं कुटता?

बाई हसल्या.
हवेत मूठ आपटून दाखवली, तीनदा,
गॅसच्या डावीकडे,
बरोब्बर तिथं, जिथं माझी रेघ येणार होती.
मी पेन्सिलची खूण थुंकी लावून पुसली
आणि जोड दीड फूट फ्रिजकडे सरकवला.

मे महिन्यात मॅस्टिक हट्टी असतं.
हार्डनर निम्मं घातलं
तरी पत्र्यावर कालवता कालवता दगड होतं.
म्हणून आम्ही जोड रात्री भरतो,
केळीचे ट्रक निघून गेल्यावर.
उखा बॅटरी धरतो, मी काळी भुकटी मिसळतो,
ब्लेडने दाबत दाबत भरतो.
दोन्ही पाट एकाच खाणीतले,
तरी सकाळी कळतं:
इकडचा दाणा बारीक, तिकडचा जरा थोराड.

सिंकचं भोक पाडलं. चौकोन सुटून खाली आला,
उखाने मांडीवर झेलला.
बाई दारातून म्हणाल्या,
तो तुकडा ठेवजो माह्या.

सतरा वर्षांत तो तुकडा कोणी मागितला नव्हता.
तो माझा असतो, असं कुठं लिहिलेलं नाही,
पण माझा असतो.

घरी जैतूनचा ओटा त्याच तुकड्यांचा आहे.
रावेरचा काळा, चोपड्याचा हिरवट,
सावद्याच्या डॉक्टरांकडचा लाल ठिपक्यांचा,
अकरा दगड, आणि जोड मोजायला बसलो तर चहा गार होईल.
गिऱ्हाइकाला जे जे नको म्हणून सांगतो
ते सगळं तिथं आहे.
लाइट गेली तरी तिच्या बोटांना कळतं,
आपण चोपड्यात आहोत की रावेरात.
शेवटी फूटभर जागा उरलीय. तिथं प्लायवूड, फुगलेलं.
हा बारावा तिथं बसणार होता.

कशाला हवा, विचारलं.
बाई म्हणाल्या, "ठेचा कुटाले.
नव्या ओट्यावर कोन कुटीन रे?"

म्हणजे दीड फूट मी उगाच सरकलो.

बाथरूममध्ये बेसिनचा कट अंडाकृती निघाला.
तोही मागतील म्हणून थोडा थांबलो.
नाही मागितला. गोणपाटात गुंडाळून गाडीला बांधला.

जैतून म्हणाली, गोल?
चौकोनी जागेत गोल बसवणारा
यावल तालुक्यात तू एकटाच.

घासून घासून दोन बाजू सरळ केल्या.
तिसरीला दगडच पुरला नाही.
भिंतीलगत बोटभर फट राहिली, तिरकी.
मॅस्टिक कालवलं, पण ती म्हणाली, राहू दे.
आता तिथं काडेपेटी उभी असते,
मापात.