कोपरा

सकाळी सहाला, नळाला पाणी असताना,
फोन थरथरला कट्ट्यावर, बादलीच्या कडेला.
निनादचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
मामा, आई गेली. काल संध्याकाळी.

मी लिहिलं, कुठे?

बोट पुढे गेलं, डोकं मागे राहिलं.
लगेच पुसलं. पण त्या यंत्रात
पुसल्याचीही खूण राहते,
एक राखाडी ओळ, काहीतरी काढून टाकल्याची.
हॅलिफॅक्समध्ये ती अजून असेल,
तिच्या बातमीच्या खाली.

तिथली काल संध्याकाळ म्हणजे आज पहाटेचे साडेचार.
शालनच्या कालमध्ये मी इथे जेलरोडला
नळाकडे कान लावून जागा होतो.

आमच्याकडे मरणाचं कार्ड यायचं ते कोपरा फाडलेलं.
पोस्टमनही ते वेगळं धरायचा, चिमटीत.
आई घरात आणू देत नसे.
उंबऱ्याबाहेर वाचायचं, उभ्याउभ्याच,
फाडून टाकायचं,
पाय धुवून मग आत.
शालन गटारीपाशी बसून तुकडे जुळवायची.
कोण गेलं ते तिला पुरतं कळायला हवं असे.

प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढली मी,
त्यातली बावीस पासपोर्टच्या शिलाईवर.
भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर,
गेटवर झडती, डब्यातली पोळीसुद्धा उलगडून.
कोऱ्या पुस्तकांचे गठ्ठे. कोण कुठे जाणार
आम्हाला माहीत नसायचं,
नाव नंतर पडायचं, दुसरीकडे.
शालनचं माझ्या हाताखालून गेलं का?
ती म्हणायची, गेलंच असणार, टाका घट्ट आहे.

मग एकदा तिनं फोटो पाठवला.
हातात कागदी झेंडा, त्यावर लाल पान,
लोकरीची टोपी, हसू,
आणि पुढ्यात टेबलावर तिचं जुनं पुस्तक,
रद्द केलेलं. कोपरा कापून.

मी अभिनंदन लिहिलं.
आणि उठून, का कोण जाणे, पाय धुतले.

आज गुरुजींना फोन केला. ते म्हणाले,
सूर्योदय कुठला धरायचा, तिथला की आपला?
दहावा त्यावर.
निनादला रजा तीन दिवसांची.
तो विचारतो, डिसेंबरात रामकुंडात पाणी असतं ना?
अस्थी घेऊन येईन तेव्हा.
लिहिलं, आवर्तन सुटलं की असतं.
आवर्तन म्हणजे काय, मामा?
मग मी गंगापूरचं धरण, कालवा, पाळ्या,
पाटबंधारे खात्याचं सगळं सांगत बसलो
अर्धा तास. दोघांनाही बरं वाटलं.

बुधवार. गंगेवर बाजार.
चंद्रकला ताडपत्रीवर, पुढ्यात मेथी.
चौथीपर्यंत दोघी एका बाकावर होत्या.
दर वेळी विचारते, शालन येते का यंदा?
आज मी तोंड उघडायच्या आत
तिनं तराजू खाली ठेवला.
कधी?
आज, म्हटलं. म्हणजे काल.
नीट सांगा की दादा.

सांगता येईना. फोन पुढे केला.
मला नाही येत हे, वाचा तुम्ही.
म्हणून भर बाजारात वाचलं, पहिल्यांदाच मोठ्यानं:
मामा, आई गेली.

शेजारचा कोथिंबीरवाला माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत
हळहळला, म्हाताऱ्या असतील फार. वय काय होतं आईंचं?
एकोणसत्तर, मी म्हणालो.
त्याला हिशेब लागेना.

चंद्रकलेनं फोन हातात घेतला,
मेथीच्या ओल्या मातीचा हात,
आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यावर
अंगठा दाबून धरला, बराच वेळ.

ती माती तिथे आहे.
मी पुसलेली नाही.