पहिलं पान

देवनारच्या पालिका शाळेत मला दिली
प्रयोगशाळेची अर्धी खोली.
कोपऱ्यात सांगाडा,
त्याच्या बरगडीला कुणीतरी बांधलेली गेल्या वर्षीची राखी.

शिवलीला खरटमल, सहावी ब.
दारातच पेडणेकर बाई म्हणाल्या,
हळू, पण तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू नाही,
‘त्या वस्तीतली आहे. फार वेळ नका घालवू.’

मग माझं पहिलं पान.
नाव. जात. वडील काय करतात.
‘डम्पिंगवर,’ ती म्हणाली.
मी पुढे काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
‘प्लास्टिक वेगळं काढतात. फक्त प्लास्टिक.’

मी घड्याळ दाबलं.

लाल-पांढरे नऊ ठोकळे.
तिचा हात चित्राकडे कमी,
माझ्या पेनाकडे जास्त बघत होता.
पेन हललं की ठोकळा थांबायचा.
एकशेवीस सेकंद. शून्य.
पुन्हा. शून्य.

चहा घेऊन परत आले
तर अख्खं चित्र टेबलावर तयार,
कडेला कडा, कोपऱ्याला कोपरा,
आणि ती सांगाड्याची राखी सरळ करत उभी.
‘असंच केलं,’ म्हणाली
आणि घाईघाईने मोडून टाकलं.

माझ्या तक्त्यात ‘असंच’ला रकाना नाही.
मी शून्य कायम ठेवलं.

त्याच आठवड्यात पार्ल्याच्या क्लिनिकमध्ये
ऋग्वेद साठ्ये. आई म्हणाली,
‘आमच्याकडे तीन पिढ्या गणित आहे,’
जसा एखाद्या घरात मधुमेह असतो.
पोराच्या तळहाताला असा घाम
की ठोकळा माशासारखा निसटला
आणि तो उचलायला वाकला, तो वर येईचना.
टेबलाखाली मला फक्त त्याचे बूट दिसत होते.
एकाची नाडी सुटलेली.

आता मी पहिलं पान शेवटी लावते.
आधी ठोकळे, आकडे, कोडी,
मग नाव, मग आडनाव,
मग ज्याचा बाप जे वेगळं काढतो ते.
फार काही होतं असं म्हणत नाही मी.
कधी कधी पेन्सिल जरा लवकर उचलतात, इतकंच.

ऑफिसात सरांनी विचारलं, ‘पानं उलटी का?’
म्हटलं, स्टेपलर नवा आहे, सर.
हात बसायचाय अजून.

पण ते शून्य माझ्याच अक्षरात आहे.
गोल, सुबक, निळं.
शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळायचं मला.
मुलींचं अक्षर छानच असतं, गुरुजी म्हणायचे,
गणिताचं आपण नंतर बघू.